खव्याचे बेकवेल मफिन

प्रश्न : बेकवेल टार्टच्या चवीचे मफिन बदामाऐवजी भूमच्या खव्यात केले. वरून करपले, जॅम तळाशी गेला. काय करू?
– एक वाचक, परंडा

उत्तर : कुंथलगिरीचे पेढे ज्यावर नावाजले, तो खवा मफिनमध्येही सुरेख लागतो! मात्र त्यात दुधातली साखर आणि प्रथिनं एकवटलेली असतात, म्हणून तो लवकर लाल होतो. ओव्हन १८० ऐवजी १६५ अंशांवर ठेवा आणि थोडा जास्त वेळ भाजा. खवा किसून लोणी-साखरेबरोबर फेटा. त्याला स्वतःचं तूप असतं, लोणी कमी घ्या. मिश्रण घट्ट हवं. जॅम आटवून, गार करून अर्धा चमचाच घाला. थोडी बदामपूड मात्र हवीच, इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या या टार्टची ती ओळख आहे. रास्पबेरीऐवजी जांभळाचा जॅम वापरा, खव्याच्या गोडीला आंबटपणा लागतोच.