संगणकाचा एसएमपीएस बदलण्यापूर्वी



भिंतीवरील सॉकेटमधून येणारी वीज २३० व्होल्टची व प्रत्यावर्ती असते. संगणकाच्या आतील भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टची दिष्ट वीज लागते. हे रूपांतर करणाऱ्या धातूच्या पेटीस आपण एसएमपीएस म्हणतो. कंपनीकडून तयार होऊन आलेल्या, म्हणजे ब्रँडेड संगणकात ही पेटी त्याच्या मूळ गरजेपुरतीच दिलेली असते. पुढे ग्राफिक्स कार्ड बसवावयाचे ठरले, की ती अपुरी पडण्याचा संभव असतो. अशा वेळी नवा एसएमपीएस कसा निवडावा व कसा बसवावा, हे या लेखात सांगण्याचा आमचा उद्देश आहे. हा धडा आम्ही पैसे घालवून शिकलो, म्हणून प्रथम आमची चूक सांगतो.

आमची चूक

आपल्या संगणक कक्षास एका कार्यालयाकडून वापरलेले काही ब्रँडेड संगणक मिळाले. त्यांपैकी एकावर मुलांना त्रिमितीय चित्रांचा सराव करता यावा, म्हणून १२० वॅटचे एक ग्राफिक्स कार्डही आम्ही मिळविले. संगणकाचा मूळ एसएमपीएस २४० वॅटचा होता. दहावीच्या मुलांनी वर्षभर रद्दी विकून साठविलेले पैसे आमच्या हाती दिले आणि आम्ही ‘५०० वॅट’ असे ठळक छापलेला, स्वस्तातला एसएमपीएस घेऊन आलो. कॅबिनेट उघडले, तेव्हा त्याची २४ पिनांची जोडणी बसविण्यास मदरबोर्डवर जागाच नव्हती. तेथे सहा पिनांचे सॉकेट होते. सील फोडलेला माल दुकानदाराने परत घेतला नाही. मुले काही बोलली नाहीत. तेच आम्हांस अधिक लागले.

लेबल कसे वाचावे

त्या रात्री आम्ही दोन्ही पेट्यांची लेबले शेजारी ठेवून वाचली. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड ही सर्वाधिक वीज घेणारी दोन अंगे मुख्यतः १२ व्होल्टच्या ओळीवर चालतात. म्हणून तीच ओळ प्रथम पाहावी. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे सूत्र आपण विज्ञानात शिकलो आहोत. जुन्या पेटीवर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर छापले होते, म्हणजे २१६ वॅट. नव्या पेटीवर १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॅट. नावाची ५०० वॅटची पेटी कामाच्या ओळीवर जुन्या २४० वॅटच्या पेटीहून दुबळी निघाली!

आता गरजेचा हिशेब पाहू. प्रोसेसर ६५ वॅट, ग्राफिक्स कार्ड १२० वॅट आणि मदरबोर्ड, डिस्क, पंखे यांचे मिळून अंदाजे ५० वॅट धरल्यास बेरीज २३५ वॅट होते. काम वाढताच क्षणभर मागणी याहून पुष्कळ वर जाते; म्हणून येथे चांगल्या प्रतीचा ४०० ते ४५० वॅटचा एसएमपीएस योग्य ठरेल. मोठ्या क्षमतेचा एसएमपीएस सदैव तेवढी वीज खातो, हा समज मात्र चुकीचा आहे. संगणक मागेल तेवढीच वीज तो देतो. रूपांतरात वाया जाणाऱ्या भागाची उष्णता होते.

आकार व पिना

इंटेल कंपनीने १९९५ साली एटीएक्स हे प्रमाण आणले. त्यानुसार एसएमपीएसची रुंदी १५० व उंची ८६ मिलिमीटर असते. अनेक ब्रँडेड संगणकांची कॅबिनेटे अरुंद असल्याने त्यांत ही पेटी मावत नाही. म्हणून जुन्या पेटीची मापे पट्टीने घ्यावीत. मदरबोर्डवरील सॉकेटच्या पिना मोजाव्यात. पिना जुळल्या म्हणजे सर्व जुळले, असेही नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेल कंपनीच्या काही संगणकांतील सॉकेट दिसावयास प्रमाणित होते, परंतु आतील तारांचा क्रम वेगळा होता. तेथे साधा एसएमपीएस जोडल्यास मदरबोर्ड जळण्याचा धोका असे. यास्तव आपल्या मॉडेलचे माहितीपत्रक पाहिल्यावाचून खरेदी करू नये.

ग्राफिक्स कार्डास स्लॉटमधून कमाल ७५ वॅट मिळतात. अधिक लागल्यास सहा पिनांची जोडणी आणखी ७५ व आठ पिनांची १५० वॅट देते. आठ पिनांची प्रोसेसरची जोडणीही अशीच दिसते, पण तिचा तारांचा क्रम निराळा असतो. जोर लावून ती ग्राफिक्स कार्डात बसवू नये.

बसविण्याची रीत

१. संगणक बंद करून प्लग काढावा व पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे.
२. कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावावा. त्याने अंगावरील स्थिर विद्युत निघून जाते.
३. प्रत्येक जोडणीचे चित्र वहीत काढावे. मगच खटका दाबून जोडणी सोडवावी. तार धरून ओढू नये.
४. मागील स्क्रू काढताना पेटीस खालून आधार द्यावा.
५. नवी पेटी बसवून सर्व जोडण्या चित्राशी ताडून पाहाव्यात. नव्या पेटीस जुन्या पेटीच्या सुट्या तारा वापरू नयेत.
६. प्लग अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्येच लावावा.

एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नये. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते. आतील कपॅसिटरमध्ये तितका दाब प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

शेवटी काय केले

हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा निराळाच मार्ग दिसला. १२० वॅटचे कार्ड बदलून आम्ही केवळ स्लॉटवर चालणारे ७५ वॅटचे कार्ड घेतले. स्लॉट तेवढी वीज देतो, याची माहितीपत्रकावरून आधी खात्री केली. ६५, ७५ व ५० यांची बेरीज १९० वॅट झाली. जुनी पेटी तेवढ्यास पुरली. एसएमपीएस बदलावाच लागला नाही. हा हिशेब खरेदीपूर्वी केला असता, तर मुलांचे पैसे वाचले असते.

तो ‘५०० वॅट’चा एसएमपीएस आजही कक्षातील कपाटावर आहे. नव्या तुकडीस पहिल्या तासाला आम्ही तोच हाती देतो आणि लेबल वाचून खरी क्षमता काढावयास सांगतो.