स्वप्न एकाचे, हात अनेकांचे

आपल्या समाजात हुन्नर आहे, मेहनतही आहे. तरी बाजारात फिरताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. दोन भाऊ किंवा दोन दोस्त उमेदीने धंदा सुरू करतात आणि पहिला तोटा येताच गल्ला वेगळा करतात. मोठे स्वप्न तिथेच संपते. म्हणून आज आपण एका उद्योगाच्या सुरुवातीचा अभ्यास करू.

डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांचा जन्म १८९८ चा, अलीगढचा. बर्लिनला रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन ते मायदेशी परतले. त्या काळी बहुतेक औषधे विलायतेहून येत. ती येथेच तयार व्हावीत, हे त्यांचे स्वप्न होते. १९३५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत त्यांनी कंपनी नोंदवली. तीच आजची सिप्ला.

यातून घेण्यासारखे धडे तीन.

पहिला धडा भागीदारीचा. हमीद साहेबांनी दुकान एकट्याच्या नावावर ठेवले नाही. सहा लाख रुपये अधिकृत भांडवलाची पब्लिक लिमिटेड कंपनी काढली, म्हणजे इतरांनाही हिस्सेदार होण्याची वाट ठेवली. स्वतःची औषधांची सूत्रे त्यांनी रॉयल्टी न घेता कंपनीला दिली. जो आधी देतो, त्याच्यावर लोक भरवसा ठेवतात.

दुसरा धडा सब्राचा. बेलासिस रोडवर एक छोटा बंगला महिना ३५० रुपये भाड्याने घेतला. पण पहिला माल बाजारात यायला १९३७ चा सप्टेंबर उजाडला. दोन वर्षे विक्री नाही आणि खर्च मात्र चालू! आपल्यापैकी किती जण इतके थांबले असते?

तिसरा धडा पुढच्या पिढीचा. मुलगा युसूफ केंब्रिजहून रसायनशास्त्र शिकून १९६० मध्ये कामात आला. १९७२ मध्ये वडिलांचे निधन झाले, काम थांबले नाही. एड्सवरील औषधांचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता, तेव्हा २००१ मध्ये सिप्लाने तीच औषधे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. स्वप्न वडिलांचे, पण ते इथवर आले अनेकांच्या हातांनी.

आता आपल्या धंद्याकडे वळू. यंत्रमाग असो, बेकरी असो वा सुतारकाम, भागीदारी सुरू करताना चार गोष्टी ठरवा. कुणाचे भांडवल किती, कुणाचे काम कोणते, नफा-तोट्याची वाटणी कशी आणि माल खपेपर्यंतचा घरखर्च कुठून येणार. हे सर्व साक्षीदारांसमोर कागदावर लिहा. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनातच, सूरह बकरामध्ये आहे. भावाभावांत लिखापढी कसली, असे म्हणणाऱ्यांचीच भांडणे पुढे कोर्टात जातात.

सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. ठरलेले काम रोज करणे आणि तोट्याच्या दिवशी सोबत्याचा हात न सोडणे, हाच खरा सब्र. मग बरकत देणारा अल्लाह आहेच.