कृषिपरिस्थितिकी : अर्थ आणि कसोटी

शेतीविषयक एखादी योजना यशस्वी झाली, असे केव्हा म्हणावे? गांडूळखताचे वाफे किती बांधले, किती शेतकऱ्यांनी प्रशिक्षण घेतले, अनुदान किती खर्ची पडले, या आकड्यांनी अहवालाचे रकाने भरतात. हे आकडे आवश्यक आहेत. परंतु काय केले एवढेच ते सांगतात, शेतीत काय पालटले हे सांगत नाहीत. ‘कृषिपरिस्थितिकी’ हा शब्द विकास प्रकल्पांच्या आराखड्यांत अलीकडे वरचेवर आढळतो. म्हणूनच त्याचा नेमका अर्थ कोणता आणि तो कोणत्या कसोटीवर पारखावा, याचा विचार गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने करणे अगत्याचे आहे.

शब्दाची व्याप्ती

माती, पाणी, पीक, झाडे, जनावरे, कीटक आणि माणूस यांचे शेतात जे परस्परसंबंध असतात, त्यांचा अभ्यास करून त्यांच्याच आधारे शेती उभी करणे, हा कृषिपरिस्थितिकीचा गाभा होय. मिगेल अल्टिएरी व स्टीफन ग्लिसमन या अमेरिकेतील प्राध्यापकांनी 1980 नंतरच्या दशकात या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. आज हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो : एक शास्त्र, शेती करण्याची एक रीत आणि एक सामाजिक चळवळ. सेंद्रिय शेतीशी त्याचे नाते जवळचे असले, तरी दोन्ही एक नव्हेत. सेंद्रिय प्रमाणपत्र देताना कोणती निविष्ठा वर्ज्य केली याकडे मुख्यतः पाहिले जाते. येथे शेतातील संबंध कसे जुळले आहेत, हे पाहावयाचे असते.

कपाशीचा धडा

एकाच मापाने शेती मोजण्यात कोणता धोका असतो, हे कपाशीच्या उदाहरणावरून ध्यानी येते. भारतात बीटी कपाशीच्या लागवडीस 2002 मध्ये मान्यता मिळाली. प्रारंभीच्या वर्षांत बोंडअळीसाठी होणाऱ्या फवारण्या घटल्या. त्या काळात केवळ फवारणीचा खर्च मोजला असता, तर पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले असते. परंतु अळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून शेताच्या कडेने बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावणे अपेक्षित होते. ते बहुतांशी झाले नाही. फरदड घेण्याच्या प्रथेमुळे गुलाबी बोंडअळीला हंगाम संपल्यावरही अन्न मिळत राहिले. 2017 च्या हंगामात या अळीने राज्यातील कपाशीचे मोठे नुकसान केले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. पिकांची विविधता, किडीच्या जीवनक्रमात पडणारा खंड आणि फवारणाऱ्याचे आरोग्य हे रकाने मूल्यमापनात नसतील, तर संकटाची चाहूल लागत नाही.

पाच पायऱ्या

ग्लिसमन यांनी परिवर्तनाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली, खते व औषधे काटकसरीने वापरणे. दुसरी, त्यांच्या जागी सेंद्रिय पर्याय आणणे. तिसरी, शेताची रचनाच बदलणे. उदाहरणार्थ, कपाशीत तुरीच्या ओळी घेणे, बांधावर झाडे लावणे, पिकांची फेरपालट करणे आणि गोठ्यातील शेण शेताला पुरविणे. चौथी, उत्पादक व ग्राहक यांचे थेट नाते जोडणे. पाचवी, न्याय व सहभाग यांवर आधारलेली अन्नव्यवस्था घडविणे. रासायनिक औषधाच्या बाटलीऐवजी जैविक औषधाची बाटली विकत आणली, तर शेतकरी दुसऱ्या पायरीवर आला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु त्यालाच मुक्काम मानणे योग्य नव्हे.

मोजमापाची साधने

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने कृषिपरिस्थितिकीची दहा तत्त्वे मान्य केली आहेत. विविधता, परस्परपूरकता, पुनर्वापर, संकटात टिकून राहण्याची क्षमता, ज्ञानाची देवाणघेवाण ही त्यांपैकी काही होत. या तत्त्वांवर आधारलेली ‘टेप’ या संक्षिप्त नावाची मूल्यमापन पद्धती 2019 मध्ये तयार झाली. तीत प्रथम परिसराची माहिती घेतात. मग शेत परिवर्तनाच्या वाटेवर कोठे आहे ते ठरवितात. त्यानंतर जमिनीवरील हक्क, उत्पादकता, उत्पन्न, कीडनाशकांचा संपर्क, आहारातील विविधता, स्त्रियांचे सबलीकरण, तरुणांना संधी, मातीचे आरोग्य अशा निकषांवर परिणाम तपासले जातात. अखेरीस निष्कर्ष शेतकऱ्यांपुढे मांडून त्यांच्याशी चर्चा केली जाते. ही अखेरची पायरी वगळल्यास मूल्यमापन कागदोपत्रीच राहते.

ग्रामपंचायतीने काय करावे

एवढी मोठी पद्धती प्रत्येक गावाला झेपेलच असे नाही. तथापि तिचे सार अवलंबिता येईल. प्रकल्प सुरू होण्यापूर्वीची स्थिती लिहून ठेवावी, अन्यथा पुढे तुलना कशाशी करणार? प्रकल्पात नसलेली काही शेतेही सोबत पाहावीत, म्हणजे चांगल्या पावसाचे श्रेय योजनेला दिले जाणार नाही. माती परीक्षणातील सेंद्रिय कर्बाचा आकडा सावकाश बदलतो; एका हंगामावरून निवाडा करू नये. उत्पन्नाबरोबर खर्च व कर्ज यांची नोंद घ्यावी. जीवामृत तयार करणे, शेण वाहणे, खुरपणी ही कामे घरातील कोणावर पडली, हे स्त्रियांनाच विचारावे. उत्पन्न वाढले आणि त्यांचे कष्टही दुणावले, तर तसे नमूद झाले पाहिजे.

संक्रमणाच्या पहिल्या वर्षांत काही पिकांचे उत्पादन घटू शकते. अशी घट झाकण्याचा मोह टाळावा. ती प्रामाणिकपणे नोंदली, तरच त्या काळात शेतकऱ्याला कोणता आधार द्यावयाचा हे ठरविता येते. झाकली, तर तोटा एकट्या शेतकऱ्याच्या पदरी पडतो आणि पुढच्या योजनेवरील त्याचा विश्वास उडतो. ग्रामसभेत दरवर्षी या नोंदींचे जाहीर वाचन झाले आणि शाळेतील विद्यार्थ्यांनी शिवारातील पिके, झाडे व कीटक यांची गणना केली, तर मूल्यमापन हे केवळ वरिष्ठांना पाठवावयाचे विवरणपत्र न राहता गावाच्या स्वतःच्या अभ्यासाचा विषय होईल.