बहिणी किती?

गावठाणातलं घर विकायला पाटी लावावी लागत नाही. बीबीचं घर आता काढून टाकावं, असं आम्ही भावंडं जालन्याला एका लग्नाच्या मांडवात बोललो, आणि आठवडा उलटायच्या आत थोरल्या भावाला अकोल्यात फोन आला. "भाऊ, घर देता म्हणे. तुम्ही फक्त तुमचा आकडा सांगा, वरचं आमचं."

बीबी हे मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना लागणारं आमचं गाव. दलाल पूर्वीही होते, पण गुरांच्या बाजारातले जास्त. ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला, जवळच दुसरबीडला चढा-उतरायची सोय झाली. मोबदल्याचा पैसा तर त्याच्याही आधी या भागात आला होता. तेव्हापासून एक मोटारसायकल आणि एक मोबाइल एवढ्या भांडवलावर जमिनीचे सौदे करणारे गावोगाव झाले. त्यातले काही खरंच कामाचे आहेत. पण ओळखायचे कसे, हा प्रश्न शहरातल्यापेक्षा खेड्यात अवघड आहे.

शहरात सांगतात, महारेराचा नोंदणी क्रमांक असलेलाच एजंट घ्या. बरोबर आहे. रेरा कायद्यानं नोंदणीकृत प्रकल्पातली सदनिका किंवा प्लॉट विकून देणाऱ्याला नोंदणी लागते, आणि महाराष्ट्रात आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. पण आजोबांनी बांधलेलं धाब्याचं घर हा काही प्रकल्प नव्हे. असं घर विकून देणाऱ्याला ना नोंदणी लागते, ना परीक्षा. दलाली किती घ्यायची हेही कायद्यानं ठरवून दिलेलं नाही. म्हणजे इथं माणूस पारखायचं काम आपलं आपल्यालाच करायचं.

"वरचं आमचं" हे ऐकायला गोड लागतं. दलाली द्यायची नाही, आपला आकडा आपल्या हातात. आम्ही ९ लाख म्हणालो. त्यानं कुठं विकायचं, कितीला विकायचं, ते तो बघेल. यात गोम अशी, की हा माणूस मध्यस्थ उरतच नाही. त्याचा फायदा तुमचा आकडा खाली ठेवण्यात आणि गिऱ्हाइकाला तुमच्यापासून लांब ठेवण्यात असतो. पैसा न गुंतवता तो घराचा व्यापारी होतो, आणि आपण मात्र त्याला आपला माणूस समजून चहा पाजत बसतो.

पुढचा कागद त्याहून महत्त्वाचा. भावानं जी इसारपावती करून दिली, तीत घेणार म्हणून दलालाचंच नाव होतं, आणि एक ओळ होती: खरेदी घेणार यांच्या किंवा ते सांगतील त्यांच्या नावे करून देऊ. मुदतीची जागा कोरी. इसार २५ हजार. ही ओळ आमच्या भागात इतकी सरावाची आहे, की लिहिणाराही ती न विचारता लिहून मोकळा होतो. तिच्या जोरावर दलाल तोच इसार पुढं फिरवतो. दुसऱ्याकडून जास्त इसार घेतो, तिसऱ्याला आणखी वरचा भाव सांगतो. गिऱ्हाईक मिळालं तर मधला पैसा त्याचा. नाही मिळालं तर अडकलं आपलं घर. आमचं अडकलं. पावसाळा गेला, तुरी आल्या, तरी फोनवर एकच उत्तर, पार्टी येऊन राहिली. मग एक दिवस दुसरबीडकडचा एक दुकानदार थेट भावाला भेटला आणि म्हणाला, साडेअकरा जरा जास्त होतात, दहाला जमवा ना. भावानं मला फोन केला तेव्हा शिव्या कोणाला देत होता ते मला आधी कळेना.

"नुसता नोटरीचा कागद तर आहे, फाडून टाकू," असं तेव्हा घरात सगळेच म्हणत होते. ते तसं नसतं. इसारपावतीनं घराची मालकी जात नाही हे खरं. मालकी जाते नोंदवलेल्या खरेदीखतानंच. पण त्या कागदाच्या आधारे तो माणूस 'करारानुसार खरेदी करून द्या' म्हणून कोर्टात जाऊ शकतो. ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं त्याला मुदत असते, आणि तारीखच लिहिलेली नसेल तर आपण नाही म्हटल्याचं त्याला कळलं तेव्हापासून. एवढा काळ टांगती तलवार असलेलं घर दुसरा कोण घेणार? आम्ही मेहकरच्या एका वकिलाकडून नोटीस पाठवली, २५ हजार बँकेतून परत केले आणि इसार रद्द झाल्याचा लेख दलालाच्या सहीनं करून घेतला. मूळ पावतीही परत मागून घेतली. तो भांडला नाही, कारण तोवर त्याचं लक्ष दुसऱ्या घरावर गेलेलं होतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: इसारावर दलालाचं नाव येऊ देऊ नका. खरंच घर घ्यायचं असेल तर घ्यावं त्यानं, मग तो गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकासारखीच घासाघीस करावी. पण विकून देणाराही तोच आणि घेणाराही तोच, हे चालायचं नाही. इसार प्रत्यक्ष घेणाऱ्याच्या नावे, मुदत तारखेनिशी, आणि मुदतीत खरेदी झाली नाही तर पैशाचं काय, हे त्याच कागदावर. दलालाची जागा साक्षीदाराच्या सहीपुरती. त्याच्याशी ठरलेलं वेगळ्या कागदावर असावं. किती टक्के, कोण देणार, कधी देणार, आणि दुसऱ्या बाजूकडूनही तो घेणार आहे का. आमच्याकडे साधारण एक ते दोन टक्के चालतं. दोन्हीकडून घेतो म्हणाला तर हरकत नाही, पण ते आपल्या तोंडावर सांगायला हवं.

दुसरा माणूस मिळाला तो धाकट्या बहिणीच्या सासरकडून. उतारवयाचा, पूर्वी दस्त लिहायचा. घर दाखवायला निघालो तर म्हणाला, "घर मंग दाखवा. बहिणी किती हायेत?"

पहिल्यानं विचारलं होतं, कितीला द्यायचं. या दोन प्रश्नांतला फरक मी आता ज्याला त्याला सांगत असतो. पहिला तर उलट म्हणाला होता, बहिणींच्या सह्या कशाला, नमुना आठवर त्यांचं नाव कुठं आहे? नमुना आठवर नाव नव्हतं हे खरं. तिथं अजून आजोबांचंच होतं! पण बापाच्या माघारी मुलीही वारस असतात, आणि २००५च्या दुरुस्तीनं तर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानंच मुलाइतका हक्क दिला. वडील त्या दुरुस्तीच्या आधी वारले असले तरी हयात मुलीचा तो हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२०मध्ये विनिता शर्मा यांच्या खटल्यात सांगितलं. बहिणीची सही नसलेलं खरेदीखत घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं, आणि मग तो विकणाऱ्याच्या दारात येतो. ज्यांना हिस्सा घ्यायचा नाही त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. राखीच्या ताटात सोडलेला हक्क कागदावर टिकत नाही. आमच्या दोघींनी सोडला नाही, हे बरंच झालं. दोघी विक्रीत सामील झाल्या, दोघींनी वाटा घेतला.

नमुना आठाबद्दल दोन शब्द, कारण यात गावाकडचे शिकलेलेही गोंधळतात. तलाठ्याकडचा आठ-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद. तिच्यावर नाव असणं म्हणजे कर कोण भरतो ते कळणं. मालकीचा तो पक्का पुरावा नव्हे. म्हणून तर बँका अशा घरावर कर्ज द्यायला कां-कूं करतात, आणि कर्ज काढून घेणारं गिऱ्हाईक शेवटच्या क्षणी गळतं. २४ एप्रिल २०२० पासून केंद्राची स्वामित्व योजना सुरू आहे. ड्रोननं गावठाण मोजून घरमालकाला सनद आणि मिळकत पत्रिका देतात. आपल्या गावठाणाची पत्रिका निघाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून ती आधी काढून घ्या, नावं आणि क्षेत्र तपासा. निघाली नसेल तर वारसांची नोंद ग्रामपंचायतीत ठरावानं करून घ्या. तिथं मासिक सभेची वाट पाहावी लागते. दलालानं कितीही "आपला माणूस आहे तिथं" म्हटलं तरी सभा व्हावीच लागते.

क्षेत्राचा घोळ तर घराघरात आहे. नमुन्यावर लांबी-रुंदी फुटांत लिहिलेली, तीही जुन्या कुणीतरी अंदाजानं. मागची खुली जागा नोंदीतच नाही. पहिल्या दलालानं आमचं घर परसासकट मोठं करून सांगितलं होतं. म्हणजे खरेदीच्या दिवशी टेप लावला असता तर भाव आपोआप खाली आला असता. नव्या माणसानं चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना उभं करून माप घेतलं. कुठली भिंत सामाईक, कुठली आमची, धाब्याचं पाणी कोणत्या पनाळातून कोणाच्या अंगणात पडतं, सगळं लिहिलं. चतुःसीमा खरेदीखतात नीट आल्या नाहीत तर भांडण आपण विकून गेल्यावरही आपल्या नावानंच चालतं.

त्या पनाळावरूनच पूर्वेच्या शेजाऱ्यांशी आमच्या वडिलांचा अबोला होता. आम्हीही तो पाळत आलो, कारण तो आम्हाला घराबरोबरच मिळाला होता. नवा दलाल म्हणाला, सगळ्यात जास्त भाव हा शेजारीच देईल, त्याची पोरं दोन, घर एक. आम्हाला हे सुचलंच नसतं असं नाही. पण विचारायला जायचं कोणी? समृद्धीच्या नावानं कोणी कितीही भाव फुगवो, गावठाणातल्या घराला महामार्गाचा उपयोग फारसा नाही. बाहेरचा माणूस अशा अरुंद बोळातलं घर घेत नाही. घेतो शेजारी, नाहीतर भाऊबंद. आणि नेमकं त्यांच्याशीच आपलं बोलणं बंद असतं. तिथं मधला माणूस आपली दलाली खरी कमावतो. त्यानं दोन्ही अंगणांत चहा घेतला, पनाळाचं जुनं पुराण ऐकून घेतलं, आणि साडेनऊवर जमवलं.

मधे एक वळण आलं. धाकटी बहीण पुण्याला, थोरली जालन्याला, भाऊ अकोल्यात, मी संभाजीनगरला. सगळ्यांना एका दिवशी लोणारला रजिस्ट्रीला आणणं कठीण, तेव्हा कोणीतरी सुचवलं की मध्यस्थाच्या नावे मुखत्यारपत्र करून टाका. त्यानं स्वतःच नको म्हटलं. जवळच्या नातेवाइकाशिवाय दुसऱ्याला घर विकायचा अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्राला महाराष्ट्रात खरेदीखताइतकाच मुद्रांक लागतो, आणि नुसत्या मुखत्यारपत्रानं घराची विक्री होत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट केलं आहे. ज्याला यायला जमत नाही त्यानं सख्ख्या भावा-बहिणीच्या नावे, नोंदणीकृत, आणि याच एका घरापुरतं मुखत्यारपत्र द्यावं. धाकटीनं थोरलीला दिलं.

रोखीचं बोलणं निघालं ते शेजाऱ्याच्या मेव्हण्याकडून. रेडीरेकनरएवढं कागदावर, बाकी हातात. मुद्रांक वाचतो, हे त्याचं गणित. आपलं गणित वेगळं असतं. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेतली तर आयकर कायद्यानं तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे घर विकणाऱ्याला. देणारा नामानिराळा. शिवाय उद्या व्यवहार फिसकटला तर हातात घेतलेल्या पैशाचा पुरावा कोणाकडेच नसतो.

रजिस्ट्रीच्या दिवशी एकच पथ्य पाळा. खरेदीखतात रक्कम भरून पावल्याचं लिहिलेलं असतं. तेव्हा आरटीजीएस खात्यावर जमा झाल्याचं बँकेतून कळेपर्यंत अंगठा देऊ नका. डिमांड ड्राफ्ट असेल तर तो ज्या बँकेचा आहे तिथून खात्री करा. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. ती आणि मुद्रांक बहुधा घेणारा भरतो, पण तेही इसारातच लिहिलेलं बरं. खरेदीखताची प्रत आणि सूची दोन आपल्याकडेही ठेवा. त्याच दिवशी विजेच्या मीटरचं रीडिंग लिहून घ्या आणि मीटर नव्या मालकाच्या नावे करायचा अर्ज त्याच्याकडून भरून घ्या. मीटर आजोबांच्या नावावर राहिलं, तर थकबाकीची विचारणा नातवाकडे येते.

दलाली आम्ही दस्त नोंदल्यावर बँकेतून दिली. त्याच्याकडे पावतीपुस्तक नव्हतं, म्हणून त्यानं कोऱ्या कागदावर लिहून दिलं, आणि जुन्या सवयीनं चतुःसीमाही टाकल्या.

राहिला कर. गावची शेती विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. घराला ती सूट नाही, गावठाणातलं असलं तरी. २३ जुलै २०२४च्या आधी आलेल्या घरावर देशात राहणाऱ्या माणसाला दोन वाटा आहेत. महागाईचा हिशेब न धरता साडेबारा टक्के, किंवा तो धरून वीस. यातली कमी कराची निवडायची. जुन्या घराची किंमत १ एप्रिल २००१ची धरता येते, त्यासाठी मूल्यांककाचा दाखला आधीच घेऊन ठेवा. आमच्या चौघांचे वाटे वेगळे, म्हणून चौघांची विवरणपत्रंही वेगळी गेली. थोरलीनं आयुष्यात पहिल्यांदा विवरणपत्र भरलं, आणि त्यात 'घर विकून मिळालेलं' या रकान्यात स्वतःचं नाव लागलंय का, ते सीएकडून दोनदा वाचून घेतलं.