समुद्रापलीकडील झाकरी

स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या वेळीं घडलेली एक लहानशी गोष्ट आमच्या मनांतून अद्याप गेलेली नाहीं. सुरगाण्याकडून शिकावयास आलेल्या एका विद्यार्थ्यास आम्हीं विचारिलें, "तुझे आजोबा पावरी वाजवितात असें ऐकतों. तुमच्याकडील नाच तूं येथें बसवशील काय?" मुलानें मान खालीं घातली व तो म्हणाला, "नको, सर. मुलें हंसतील." त्या वेळीं आम्ही गप्प राहिलों, ही आमची चूक झाली. तेव्हां न दिलेलें उत्तर आज या पानांवर देत आहों. तें देण्यासाठीं थोडें दूर, समुद्रापलीकडे जावें लागेल.

प्रथम आपल्या शहराकडेच पाहूं. नाशिकच्या शरणपुरांत एकोणिसाव्या शतकांत गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेले आफ्रिकन लोक राहत असत. चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयाखालीं ते तेथें लिहिणें-वाचणें व हातचे धंदे शिकले, आणि 1874-75 च्या सुमारास त्यांतील पुष्कळजण मोंबासाजवळील फ्रीअरटाउन या वसाहतींत गेले. घरापासून तुटून समुद्र ओलांडणारीं माणसें आपल्या शहरानें अशीं जवळून पाहिलीं आहेत. त्याच शतकांत आपल्या कोंकणांतील माणसेंही असाच समुद्र ओलांडून एका बेटाकडे जात होतीं.

तें बेट म्हणजे मॉरिशस. मादागास्करच्या पूर्वेस असलेल्या या लहानशा बेटाचें धन म्हणजे उंसाचे मळे. त्या मळ्यांत पूर्वीं आफ्रिकेंतून व मादागास्करहून आणिलेले गुलाम राबत. ब्रिटिश पार्लमेंटनें 1833 सालीं गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हां मळेवाल्यांनीं मजुरांसाठीं हिंदुस्थानाकडे दृष्टि वळविली. 1834 च्या नोव्हेंबरांत 'अ‍ॅटलस' जहाजांतून 36 मजूर पोर्ट लुई बंदरांत उतरले. त्यानंतर 1920 पर्यंत सुमारें पांच लाख माणसें तेथें गेलीं. बहुतेक बिहारकडील होतीं. परंतु मुंबई बंदरांतून निघालेल्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसेंही होतीं.

पांच वर्षांच्या ज्या करारानें हीं माणसें बांधलीं जात, त्यास 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दावरून गिरमिट हें नांव पडलें. आरंभींच्या काळांत पुरुषाची मजुरी महिना 5 रुपये ठरे. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. ज्या धक्क्यावर हे मजूर उतरत, त्यास कुली घाट म्हणत. आतां तो आप्रवासी घाट या नांवानें ओळखला जातो, आणि त्याच्या सोळा दगडी पायऱ्या आजही दाखविल्या जातात. 2006 सालीं युनेस्कोनें त्या स्थळाची जागतिक वारशांत गणना केली.

त्या पायऱ्या चढणाऱ्या कोंकणी मजुराच्या गांठोड्यांत असून असून काय असणार? परंतु कंठांतील गाणें आणि पायांतील ठेका यांस ना भाडें पडलें, ना जकात. कोंकणांत गौरीगणपतीच्या दिवसांत जाखडी नाचतात, हें पुष्कळांस ठाऊक असेल. गाणारे व वाजविणारे मध्यें बसतात आणि पायांत चाळ बांधलेले नाचणारे त्यांच्याभोंवतीं फेर धरितात. हाच नाच मॉरिशसमध्यें झाकरी या नांवानें जिवंत आहे. शब्द थोडा बदलला, फेर मोडला नाहीं. तेथील पहिला गणेशोत्सव 1896 सालीं हेन्रिएटा नांवाच्या गांवीं झाला असें सांगतात. आज त्या सणास तेथें सरकारी सुटी असते, आणि मराठी मंडळी जमली म्हणजे झाकरी होते. त्यांच्या घरांतून आतां बहुधा क्रिओल भाषा बोलली जाते. मराठी हा तेथील मुलांच्या शाळेंतील एक विषय झाला आहे. बोलण्यांतून जी भाषा सुटत चालली, ती गाण्यानें अजून धरून ठेविली आहे.

तेथें केवळ आपलीच माणसें गात नाहींत. ज्या गुलामांच्या जागीं आपले मजूर आले, त्यांच्या वंशजांचें सेगा नांवाचें गाणें व नृत्य आहे. बकऱ्याच्या कातड्यानें मढविलेल्या रावान या वाद्यावर त्याचा ताल धरितात. प्रतिष्ठित लोकांनीं सेगास फार काळ तुच्छ मानिलें. त्यास हंसणारे पुष्कळ होते. परंतु 2014 सालीं युनेस्कोनें सेगास, व 2016 सालीं बिहारकडील स्त्रियांच्या गीत-गवईस, मानवजातीच्या वारशाच्या यादींत स्थान दिलें. हंसणारांचीं नांवें आज कोणास आठवत नाहींत. सेगा मात्र राहिला.

बायबलांतील एका स्तोत्रांत बाबेलमधील बंदिवानांची कथा आहे. परक्या भूमींत गावें तरी कसें, या दुःखानें त्यांनीं आपल्या वीणा झाडांस टांगून ठेविल्या. त्यांचें दुःख खरें होतें, आणि त्यांस दोष देणारे आम्ही कोण? परंतु आमच्या मजुरांनीं आपलीं झांज-ढोलकी टांगून ठेविली नाहीं. दिवसभर ऊंस तोडून सुजलेल्या हातांनीं ती वाजविली, म्हणून त्यांच्या पणतवंडांस आपण कोण हें आज सांगतां येतें.

आमच्याविषयीं मात्र असें म्हणतां येत नाहीं. आमची आजी पहांटे जात्यावर ओव्या म्हणे. आम्हीं समुद्र ओलांडला नाहीं, गिरमिटावर अंगठा उठविला नाहीं; शाळेंत गेलों, पदवी मिळविली, आणि त्या ओव्यांतील एकही लिहून ठेविली नाहीं. आजी गेली, तिच्यामागें ओव्याही गेल्या. घर सोडून जाणाऱ्यांनीं जें सांभाळिलें, तें आम्हीं घरीं बसून घालविलें. समुद्र नव्हे, लाज माणसास आपल्या गाण्यापासून दूर नेते.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें: या सुटींत घरांतील सर्वांत वडील माणसापाशीं बसा. त्यांस येत असलेलें एक गाणें, मग तें ओवी असो, भजन असो कीं नाचाचें असो, मागून घ्या आणि वहींत उतरा. तें कोणीं शिकविलें, कोणत्या प्रसंगीं म्हणत, हेंही लिहा. पालकांस विनंति अशी कीं, मुलगा असें विचारूं लागला तर "अभ्यास कर" म्हणून त्यास उठवूं नये. हाही अभ्यासच आहे.

आणि सुरगाण्याच्या आमच्या विद्यार्थ्यास एवढेंच सांगतों: बाळा, भोपळा व बांबू यांची ती पावरी वाजविण्यास आज आजोबा आहेत, त्यांच्याकडून शिकून ये. मुलें हंसलीं तर त्यांस झाकरीची ही हकीकत आम्ही सांगूं. या वेळीं आम्ही गप्प राहणार नाहीं.