सिंगरवरचा काळा रंग काढायचा, पण खालची सोनेरी वेल वाचवायची



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एका जुन्या सिंगर शिलाई मशीनवरचा काळा रंग काढताना दिसतोय. व्हिडिओ बारा मिनिटांचा आहे, काम अकरा दिवस चाललं. व्हिडिओत हात दिसतात, कारणं सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून हा लेख. ज्यांना जुन्या मशीन दुरुस्त करून विकायचा किंवा लोकांच्या घरच्या मशीन नव्यासारख्या करून द्यायचा धंदा सुरू करायचाय, त्यांनी हा भाग शांतपणे वाचावा. कारण मेकॅनिझम बिघडलं तर पार्ट मिळतो. नक्षी गेली तर गेली.

माझ्याकडून गेली आहे. धंद्याच्या पहिल्या वर्षी एक ताई आजीची मशीन घेऊन आल्या. सिंहाचं अंग आणि माणसाचं तोंड असलेली ती सोनेरी आकृती तुम्ही पाहिली असेल, सिंगरच्या २७ आणि १२७ मॉडेलवर असायची. वरून कुणीतरी काळा स्प्रे मारलेला. मी कापसाला स्पिरिट लावलं आणि पुसायला घेतलं. रंग भराभर निघत होता, मी खूश. कापूस आधी काळा झाला, मग तपकिरी, मग पिवळसर. पिवळसर झाला तेव्हा थांबलो, पण तोपर्यंत सोनेरी आकृतीची चांदीसारखी फिकट सावली उरली होती. पैसे घेतले नाहीत. मशीन झकास चालत होती. ताई तिच्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "आता ही कुणाचीही असू दे की."

झालं काय होतं? या मशीनच्या अंगावर थर असतात. सगळ्यात खाली बिडाचं ओतकाम. त्यावर भट्टीत भाजलेला डांबरी जातीचा काळा रंग, ज्याला जपान ब्लॅक म्हणतात. तो फार चिवट. त्यावर नक्षीचा ट्रान्सफर, म्हणजे कागदावरून उतरवलेलं पातळ सोनेरी चित्र. आणि त्यावर पारदर्शक लाखेचा हात. आपले सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात ना, त्याच जातीची ही लाख. म्हणजे ज्या स्पिरिटमध्ये ती विरघळते, त्याच स्पिरिटने मी ती पुसत होतो! लाखेचं कवच गेलं, सोनेरी छटा गेली, खालची धातूची भुकटी उघडी पडली.

यावरून बाटल्यांची यादी आपोआप ठरते. स्पिरिट नको, सॅनिटायझर नको, नेलपॉलिश रिमूव्हर नको. एनसी थिनर आणि हार्डवेअरच्या दुकानातलं पेंट रिमूव्हर तर अजिबात नको, ते वरचा रंग आणि खालचं चित्र यात फरक करत नाही. कॉस्टिक सोडा किंवा अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे सुद्धा नको, कारण लाख अल्कलीतही विरघळते. हीट गनचा मोह होतो, पण उष्णतेनं लाख मऊ पडते आणि चित्र तिच्याबरोबर सरकतं.

मग उरलं काय? तेल, लाकडाची काडी आणि वेळ.

इथे नशीब आपल्या बाजूनं आहे. या मशीनला वर्षानुवर्षं तेल दिलेलं असतं. ते अंगावर पसरतं, त्यावर धूळ बसते. आपल्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा होते, हळद-कुंकू लागतं, आणि बऱ्याच घरांत त्याच्या आधी ‘जरा चकाचक दिसू दे’ म्हणून काळ्या ऑइलपेंटचा एक हात मारतात. धुवून, घासून कोण मारतंय? तेलकट अंगावरच मारतात. त्यामुळे वरचा रंग खालच्या लाखेला नीट धरलेला नसतो. तो विरघळवायचा नाही, उचलायचा.

पण काडी हातात घेण्याआधी बघायचं. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च मशीनला अगदी टेकवून आडवा धरा. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही. आडव्या प्रकाशात रंगाखालच्या ट्रान्सफरची कड बारीक उंचवट्यासारखी दिसते, वेलीचं वळण, अक्षराचा कोपरा. जे दिसेल त्याचा फोटो काढा. मशीनचा नंबर पण बघा. आधी एफ, जे किंवा वाय असं एक अक्षर असेल तर ती स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातली. नंबर आणि मॉडेल कळलं की त्याच नक्षीच्या दुसऱ्या मशीनचे फोटो शोधता येतात, मग कुठे काय सापडायला हवं याचा नकाशा मिळतो.

आता पहिली खिडकी. मशीनच्या मागच्या बाजूला, नक्षी नसेल अशा जागी एक रुपयाच्या नाण्याएवढा भाग घ्या. शिलाई मशीनचं साधं तेल कापसानं लावून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी बांबूची काडी तिरपी तासून, टोक बोथट करून, रंगाच्या टवक्याच्या कडेखाली सरकवा. जुनं एटीएम कार्ड कापून पण चालतं. ब्लेड, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिशपेपर नाही. रंग पापुद्र्यासारखा सुटला तर तुमचं काम सोपं. नाही सुटला तर परत तेल, परत एक दिवस. जिथे शेवटचा धुरकट थर चिकटून राहतो तिथे गॅरेजवाले गाडीला वापरतात ते बारीक रबिंग कंपाउंड, तेलात मिसळून, बोटभर कापसावर, गोल न फिरवता हलक्या हातानं. आणि डोळे मशीनवर नाही, कापसावर ठेवायचे. काळा येतोय तोवर चालू द्या. तपकिरी दिसलं की हात उचला. तो जुना मळ असेल किंवा लाख असेल, दोन्ही वेळा थांबून टॉर्चनं बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. पिवळा दिसला तर उशीर झालाय.

कोरडं घासू नका, मास्क आणि हातमोजे घाला. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि दुकानात पोरंबाळं येतात.

कुणी म्हणेल, एवढा विचार कशाला, मशीनच तर आहे. मोठ्या माणसांनाही हाच प्रश्न पडलेला आहे. १९२० ते १९२२ मध्ये हैदराबादच्या निजाम सरकारनं अजिंठ्याची चित्रं जपायला लॉरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे इटलीचे तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारे पापुद्रे बसवले आणि वर लाख दिली. ती पुढे पिवळी पडली, चित्रं झाकोळली, आणि नंतर पुरातत्त्व खात्याला तीच लाख जपून जपून उतरवावी लागली. गंमत बघा, अजिंठ्यात लाख हा नंतरचा, काढायचा थर. आपल्या सिंगरवर लाख हाच मूळचा, वाचवायचा थर. वस्तू एकच, पण कुणाच्या वर कोण बसलंय यावर सगळं. म्हणून एका मशीनवर चाललेली युक्ती दुसरीवर डोळे झाकून वापरायची नाही.

आता पैशाचं बोलू. मी सुरुवातीला अख्ख्या कामाचे १२०० रुपये सांगायचो. एका मशीनला चोवीस तास लागले, म्हणजे तासाला ५० रुपये. हेल्परला त्याहून जास्त पडतात. सामान स्वस्त आहे, तेल, कापूस, कंपाउंड मिळून ३०० च्या आत. महाग आहे तो तुमचा वेळ, आणि तो किती लागेल हे खिडकी उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून आता मी दोन टप्प्यांत दर सांगतो. तपासणी आणि एक खिडकी, ५०० रुपये, पुढचं काम केलं नाही तरी परत नाहीत. त्यानंतर तासावर, आणि कमाल रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून. त्याच मेसेजमध्ये खिडकीचा फोटो आणि एक वाक्य: खाली नक्षी किती शिल्लक आहे याची खात्री मी देत नाही.

हे वाक्य लिहायला नवीन माणूस घाबरतो, कस्टमर जाईल म्हणून. पण लक्षात घ्या, लोक रंग का मारतात? बहुतेक वेळा नक्षी झिजलेली असते म्हणूनच. कापड सरकतं त्या सपाट भागाची पुढची कड सगळ्यात आधी उघडी पडते. तिथे रंगाखाली काही सापडत नाही. ही गोष्ट आधी सांगितली तर ती माहिती असते, नंतर सांगितली तर सबब वाटते.

व्हिडिओतली मशीन कागलच्या एका काकांची. त्यांची आई चाळीस वर्षं त्यावर झंपर शिवायची. मी आधीच सांगितलं, "काका, वरच्या आडव्या भागावर अक्षरं दिसतायत, ती बहुतेक येतील. खालच्या पाट्याचं काही खरं नाही." ते म्हणाले, "जेवढं हाय तेवढं काढ की रं."

नवव्या दिवशी ‘सिंगर’ची सगळी अक्षरं आणि खांबावरची वेल मोकळी झाली. सोनं थोडं मंद, पण जागच्या जागी. खालच्या पाट्यावर पुढच्या कडेला चार बोटं रुंद पट्टा, तिथे काहीच नाही, नुसतं गुळगुळीत काळं. मी काकांना बोलावून विचारलं, इथला रंग पण पूर्ण काढू का? सोनेरी पट्टीचे नवे ट्रान्सफर मिळतात, तेही लावता येतील. त्यांनी त्या पट्ट्यावरून हात फिरवला. "इथं आईचा हात असायचा," म्हणाले. "आणि हा रंग मीच मारलेला, दहावीत असताना. राहू दे."

मग तेवढा भाग तसाच ठेवला. बाकी अंगाला तेलाचा हलका हात दिला, वर लॅकर मारलं नाही, आणि बिलात दोन दिवस कमी लावले.