संगणकीय आरेखनाची गती कशी वाढवावी?

ग्रामीण रस्ते, पूल, नळपाणी योजना व शाळागृहे यांचे नकाशे पूर्वी आरेखक फलकावर शाईने काढीत असत. १९६३ साली अमेरिकेत ईव्हान सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ ही संगणकीय आरेखनाची आद्य प्रणाली सादर केली. १९८२ च्या अखेरीस ‘ऑटोकॅड’ आले आणि लहान संगणकावरही हे काम होऊ लागले. आज ही विद्या खेड्यांतील तरुणांच्या उपजीविकेचे साधन झाली आहे.

तथापि नकाशा मोठा झाला की संगणक मंदावतो आणि ‘यंत्र जुने झाले, नवे घ्यावे’ असा शेरा मारला जातो. शाळेचे वा पंचायतीचे अनुदान मर्यादित असते. नगावर काम घेणाऱ्या आरेखकाची तर यात मजुरीच बुडते. म्हणून खर्चापूर्वी अडथळा नेमका कोठे आहे, हे शोधणे अगत्याचे आहे.

प्रथम मोजमाप

एकच नकाशा उघडण्यास व जतन करण्यास किती सेकंद लागतात, हे वहीत नोंदवावे. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्यास ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. काम चालू असता मेमरी जवळजवळ पूर्ण भरलेली दिसल्यास संगणक डिस्कचा आधार घेतो व रखडतो. अशा वेळी मेमरी वाढवावी. चक्री हार्ड डिस्कला माहिती शोधण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शतांशाहूनही कमी. त्यामुळे जुन्या यंत्रात एसएसडी बसविणे बहुधा सर्वांत लाभदायक ठरते.

प्रोसेसरचा आकडा वाचताना सावध राहावे. द्विमितीय आरेखनाची बहुतेक कामे एकाच कोअरवर चालतात. चार कोअरच्या साध्या प्रोसेसरवर एक कोअर पूर्ण राबत असला तरी एकूण वापर सुमारे २५ टक्केच दिसतो. अशा कामासाठी अनेक कोअरपेक्षा एका कोअरची गती महत्त्वाची होय. वास्तुचित्रांचे रेंडरिंग करणाऱ्यांना मात्र अधिक कोअर उपयोगी पडतात. त्रिमितीय प्रतिकृती फिरवून पाहण्यासाठी चांगले ग्राफिक्स कार्ड लागते.

नकाशाची साफसफाई

पुष्कळदा दोष यंत्रात नसून नकाशात असतो. ‘पर्ज’ आज्ञेने न वापरलेले थर व ब्लॉक काढावेत, ‘ओव्हरकिल’ने एकावर एक पडलेल्या रेषा काढाव्यात व ‘ऑडिट’ने दोष तपासावेत. तत्पूर्वी मूळ फाईलची प्रत राखून ठेवावी. नको असलेले थर ‘फ्रीझ’ करावेत.

दूरचा मूळबिंदू

समजा, सावरगाव व पांढुर्णा यांमधून वाहणाऱ्या जाम नदीवरील रपट्याचा व लगतच्या पांदण रस्त्याचा नकाशा काढावयाचा आहे. मोजणीयंत्राने यूटीएम पद्धतीचे सहनिर्देशक दिले, तर येथील उत्तरेचा आकडा विषुववृत्तापासून मोजलेला, म्हणजे २३ लाख मीटरांहून अधिक असतो. ग्राफिक्स कार्डे पुष्कळदा सुमारे सातच सार्थ अंक धरून गणित करतात. इतक्या मोठ्या आकड्यात त्यांना पाव मीटरचाच फरक ओळखता येतो. त्यामुळे, सॉफ्टवेअरने यावर उपाय केला नसल्यास, रेषा पडद्यावर थरथरतात अथवा तुटक दिसतात. यावर उपाय असा की, गावातील एखादा पक्का खुणेचा दगड मूळबिंदू मानून स्थानिक सहनिर्देशकांत काम करावे. मूळबिंदू किती सरकविला, हे नकाशावर ठळक लिहावे. अन्यथा हा नकाशा शेजारच्या नकाशाशी जुळणार नाही.

उष्णता व धूळ

आपल्या भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. प्रोसेसर फार तापला की स्वसंरक्षणार्थ आपली गती कमी करतो. सकाळी जलद चालणारा संगणक दुपारी मंदावत असेल, तर प्रथम याच कारणाचा संशय घ्यावा. वीज बंद करून पंख्यावरील धूळ काढावी, यंत्र भिंतीपासून दूर व उन्हाबाहेर ठेवावे आणि वीजबचतीची मांडणी चालू नाही ना, हे पाहावे.

खर्चाचा क्रम

प्रथम मोजमाप, मग साफसफाई, त्यानंतर मेमरी व एसएसडी आणि शेवटी नवे यंत्र, हा क्रम बहुतेक ठिकाणी हितावह ठरेल. प्रत्येक बदलानंतर तेच मोजमाप पुन्हा घ्यावे. शिक्षकांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास यंत्राची परीक्षा कशी करावी, याचे शिक्षणही त्यांना मिळेल. खरेदीचा प्रस्ताव पाठविताना सेकंदांची ती नोंद सोबत जोडावी, म्हणजे मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यास खर्चाची गरज पडताळून पाहता येईल.